स्टॉर्ममध्ये स्विफ्टचं डिझेल इंजिन बसेल का?

जालन्याच्या एका वाचकाचं पत्र आहे, ते थोडक्यात असं:

"माझ्याकडे 2000 सालची सॅन स्टॉर्म आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, फायबर बॉडीची. मागच्या उन्हाळ्यात सिंदखेडराजाच्या रस्त्यावर पाणी संपलं, टेंपरेचरचा काटा वर गेला तरी तशीच घरापर्यंत आणली. गॅस्केट गेलं. मिस्त्री म्हणतात इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकलंय, गाडीतल्या रेनो इंजिनाचं सामान आता मिळत नाही. चुलत्यांची 2009 ची स्विफ्ट डिझेल मागून ठोकल्यामुळे पडून आहे, इंजिन धडधाकट आहे. मिस्त्री म्हणतात, आठ दिवसांत बसवून देतो. बसेल का? पासिंग होईल का? मायलेज किती वाढेल? गाडी महिन्याला चारशे किलोमीटरच्या वर चालत नाही. टायर सध्या 175/60 आर 13 आहेत."

नमस्कार.

इंजिन बसेल. पण आठ दिवसांत नाही, आणि नुसतं इंजिन उचलून ठेवलं असं तर नाहीच. पासिंग होणार नाही. मायलेज वाढेल, पण महिन्याला चारशे किलोमीटरवर त्याचा हिशेब फार लहान आहे. पेट्रोलवर 14 आणि डिझेलवर 20 चं ॲव्हरेज धरलं तर महिन्याला साडेआठ लिटर इंधन वाचेल, बस. तेवढ्यासाठी ही गाडी कापू नका.

आधी पासिंगचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवून दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सवलत आहे ती मान्यताप्राप्त कन्व्हर्जन किटला: सीएनजी, एलपीजी, बॅटरी. पेट्रोल गाडीत दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन हे त्यात कुठेच बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच बाजू आणखी घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए नुसार बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तुमची गाडी 2000 सालची, म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत. नोंदणीच्या दर नूतनीकरणाला एमएच-21 च्या कार्यालयात गाडी समोर उभी करावी लागणार, इंजिन नंबर पाहिला जाणार. पीयूसीच्या यंत्रावर गाडीची नोंद पेट्रोल म्हणून उघडेल आणि तुमच्या सायलेन्सरमधून डिझेलचा धूर येत असेल. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण. "काही होत नाही, एजंटाकडून करून घेऊ," असं कोणी म्हटलं तर त्याच्या बोलण्यावर गाडी रस्त्यावर काढू नका. समोरच्या गाडीतल्या माणसाचा जीव आणि तुमचं घर, दोन्ही त्या आरसीवर टांगलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर तिचंच पेट्रोल इंजिन उभं करा. स्वतःच्या शेतातल्या रस्त्यावर किंवा बंद ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन चालवायची असेल, तरच डिझेलचा विचार करा.

पेट्रोल इंजिन खरंच गेलंय का, हे अजून कोणी नीट पाहिलेलं दिसत नाही. "हेड वाकलं" हे डोळ्याने सांगता येत नाही. हेड साफ करून त्यावर मशीन केलेली सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत उभी ठेवा आणि खालून 0.05 मिलिमीटरची फीलर गेज (मोजलेल्या जाडीची पातळ पाती) सरकवून पाहा. कुठेही गेली तर हेड वाकलंय. तीच पट्टी ब्लॉकवरही लावा, ते बहुतेक जण विसरतात. मग हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. गरम पाण्यात बुडवून हवा भरतात, तडा असेल तर बुडबुडे दिसतात. संभाजीनगरला हेडचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे रोजचं काम आहे. घासायला देण्याआधी या हेडची कमीत कमी उंची मॅन्युअलमधून बघून घ्या, कारण जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंगही किंचित सरकतं. सामानाबद्दल: तुमचं 1,149 सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन म्हणजे रेनोचं डी7एफ. हेच इंजिन युरोपात ट्विंगो, क्लिओ आणि कांगूमध्ये होतं. गॅस्केट सेट, हेड बोल्ट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप ही नावं "सॅन स्टॉर्म" म्हणून शोधली तर काही मिळणार नाही, इंजिन कोड टाकून शोधली तर मिळतात. हेड बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

आता तरीही डिझेलच करायचं ठरलं, तर पुढचं नीट वाचा.

चुलत्यांच्या स्विफ्टमधलं इंजिन फियाटचं 1,248 सीसी मल्टिजेट. 4,000 आरपीएमला 75 पीएस, 2,000 ला 190 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. तुमचं रेनो इंजिन 60 पीएसचं, टॉर्क 93. फरक कुठे पडतो ते आकड्यात पाहा. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7,023 केलं की पीएस मिळतात. म्हणजे 2,000 आरपीएमला हे डिझेल 54 पीएस देतं. रेनो जेवढं पूर्ण पिळून देतं, जवळपास तेवढं हे निम्म्या फेऱ्यांत देऊन मोकळं होतं. ऐकायला मस्त आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की रेनोचा गिअरबॉक्स ज्या टॉर्कच्या इंजिनासोबत आला, त्याच्या दुप्पट टॉर्क त्यावर येणार. मधे प्लेट टाकून रेनोचा गिअरबॉक्स स्विफ्टच्या इंजिनाला जोडायचा बेत मिस्त्रींचा असेल, तर नको म्हणा. बोल्टांची जागा वेगळी, क्लच प्लेटचे दाते वेगळे, सेल्फची जागा वेगळी, आणि प्लेट अर्ध्या मिलिमीटरने जरी तिरकी बसली तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग रडायला लागतं.

इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, फ्यूज बॉक्स, ॲक्सिलरेटर पेडल, इग्निशन लॉक किल्लीसकट, डिझेल फिल्टर, टाकीतलं युनिट, रेडिएटर आणि फॅन हे सगळं एकाच स्विफ्टमधून एकत्र काढा. म्हणून ती गाडी भंगारात देऊ नका, काम संपेपर्यंत शेजारी उभी ठेवा. कुठली वायर कुठे जात होती हे विचारायला दुसरं कोणी नसतं. उतरवण्याआधी ती चालू करा, स्कॅनर लावून कोड लिहून घ्या, चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. एक इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा दुप्पट डिझेल मागे टाकत असेल तर तो आताच कळू दे. आणि चुलत्यांकडून आरसीची प्रत, विमा कंपनीचं पत्र आणि इंजिन दिल्याचा कागद लेखी घ्या, घरातले असले तरी.

वजन करा, अंदाज नको. जिनिंगवरच्या वजनकाट्याचं काम नाही हे, तो दहा-वीस किलोच्या खाली बोलतच नाही. मोंढ्यात आडतीवर पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तसे दोन घ्या. पुढची दोन चाकं त्यांवर, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे. आत्ताचं वजन लिहा, डिझेल बसल्यावर पुन्हा करा. समजा पुढे 60 किलो वाढले, म्हणजे चाकाला 30, आणि चाकापाशी स्प्रिंग दर मिलिमीटरला 2 किलो उचलत असेल, तर नाक 15 मिलिमीटर खाली बसणार. स्टॉर्मसारख्या बुटक्या गाडीत 15 मिलिमीटर म्हणजे गावच्या प्रत्येक गतिरोधकावर इंजिनाखालचं ऑइलचं भांडं (सम्प) घासणार. स्प्रिंग बदलाव्या लागतील, आणि वळणावर नाक बाहेर पळायची सवय लागेल ती स्प्रिंगने पूर्ण जाणार नाही. स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल टाकताना जे हरवतं ते हे. तुम्हाला ही गाडी वळणांसाठी आवडत असेल तर इथेच थांबा.

इंजिन जागेवर बसवताना बॉनेटची उंची मोजायला सोपी युक्ती: इंजिनाच्या वरच्या कव्हरवर चार ठिकाणी कणकेचे गोळे ठेवा, बॉनेट अलगद बंद करा, उघडा, दाबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. कुठेही 25 मिलिमीटरच्या खाली नको, कारण डिझेल सुरू होताना आणि बंद होताना जोरात हलतं. माउंटिंगचे रबर स्विफ्टचेच वापरा. लोखंडी पक्के माउंट टाकले तर ती थरथर सरळ फायबरमध्ये जाते आणि वर्षभरात बॉडीच्या कोपऱ्यांतून केसासारख्या चिरा निघतात. माउंटिंगचा ब्रॅकेट फायबरला कधीही नको, खालच्या लोखंडी सांगाड्यालाच, 6 मिलिमीटर प्लेटचा, बाजूने आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या देऊन.

ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्यांवर, सगळ्यात जास्त वेळ द्या. आतलं टोक सुझुकीच्या गिअरबॉक्सचं, बाहेरचं रेनोच्या हबचं, म्हणजे तयार शाफ्ट कुठेच मिळणार नाही. दोन शाफ्ट कापून मधे नळी टाकून वेल्डिंग करायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तसला शाफ्ट वेल्डिंगच्या कडेला तुटतो, आणि तुटतो तेव्हा गाडी पहिल्या गिअरला जोरात सोडलेली असते. वाळूजच्या चांगल्या वर्कशॉपमधून ईएन 24 पोलादाचा अखंड बार घेऊन दोन्ही टोकांना दाते पाडून घ्या आणि कडक करून घ्या. लांबी अशी ठरवा: स्प्रिंग काढून ठेवा, जॅकने चाक पूर्ण वर न्या, मग पूर्ण खाली सोडा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. प्रत्येक स्थितीत आतल्या सांध्यात आत आणि बाहेर किमान 6-7 मिलिमीटर जागा शिल्लक राहिली पाहिजे. वर नेताना जागा संपली तर शाफ्ट गिअरबॉक्सला ठोकतो, खाली सोडताना संपली तर सांधा निसटतो. डावा आणि उजवा शाफ्ट लांबीला वेगळे निघणारच, त्यामुळे जोरात रेस दिली की स्टिअरिंग एका बाजूला ओढेल. 190 टॉर्कला ते जाणवतं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

टायरचा हिशेब आताच करा. स्विफ्टचा 165/80 आर 14 टायर एका फेरीत साधारण 1.95 मीटर जातो, तुमचा 175/60 आर 13 साधारण 1.70. गिअरबॉक्स स्विफ्टचा, चाक तुमचं, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जवळपास 15 टक्के जास्त फिरणार. हायवेला आवाज वाढेल, मायलेजही खाली येईल. स्विफ्टच्या मीटरवर 100 दिसेल तेव्हा गाडी खरं तर 87 ने चाललेली असेल.

इंधनाच्या लाइनमध्ये लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. पेट्रोलची टाकी रिकामी करून लगेच डिझेल भरू नका. डिझेलमध्ये मिसळलेलं पेट्रोल हाय प्रेशर पंपाचं वंगण धुऊन काढतं, आणि पंप झिजला की त्याचा चुरा चारही इंजेक्टरांत जातो. टाकी उतरवा, धुवा, पूर्ण वाळवा. रिकाम्या पेट्रोल टाकीला कोणालाही वेल्डिंग करू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत नुसती वाफ असते. नवी टाकी करून घ्यायची म्हटलं तर जालन्यात पत्र्याची कमी नाही, पण जीआय पत्रा नको. डिझेल जस्त विरघळवतं, त्याचा साबणासारखा थर इंजेक्टरच्या छिद्रांवर बसतो आणि सहा महिन्यांनी गाडी धूर मारायला लागली की दोष पंपाला दिला जातो. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम घ्या. तांब्याची आणि पितळेची नळी पण नको, त्याने डिझेल लवकर खराब होतं. जुने पेट्रोलचे रबर होज फेकून द्या, डिझेलला चालणारे टाका. रिटर्न लाइन सोडू नका. इंजेक्टरकडून गरम डिझेल मागे येतं, ते टाकीतच गेलं पाहिजे. फिल्टर पाणी वेगळं करणाराच हवा, आणि तो असा बसवा की पावसाळ्यात खालचा बोल्ट सैल करून पाणी काढता येईल.

वायरिंगला कात्री लावू नका. टेप उलगडा, प्रत्येक सॉकेटला चिठ्ठी बांधा आणि अखंड हार्नेस बाहेर काढा. ईसीएम आणि किल्ली एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून चालणार नाही. पेडलमध्ये दोन सिग्नल असतात, ईसीएम ते ताडून पाहतो. रेनोच्या पेडलची केबल इथे उपयोगाची नाही. ब्रेक आणि क्लचच्या स्विचच्या वायरी आणि गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सरही जोडायला हवा, नाहीतर आयडलिंग वरखाली होतं आणि गाडी अर्ध्या ताकदीवर येते.

आता स्टॉर्मची खास गोष्ट. लोखंडी गाडीत बॉडीच निगेटिव्ह असते, कुठेही बोल्ट मारला की अर्थ मिळतो. फायबरमधून करंट जात नाही. डिझेलचा सेल्फ पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. इंजिन ब्लॉकपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला 35 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल टाका, दुसरी तशीच सांगाड्याला. ईसीएमचा अर्थ वेगळा, सरळ बॅटरीवर. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ कमी पडतोय. पंप गेला, इंजेक्टर गेले असं समजून गाड्या महिनाभर उभ्या राहतात आणि दोष या एका केबलचा निघतो. बॅटरी 55 ते 65 अँपिअर-अवरची घ्या.

ब्रेकचं विसरू नका, हे जीवावरचं आहे. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम नसतो. मल्टिजेटवर कॅमशाफ्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप आहे, बूस्टरचा पाइप त्यालाच जोडा, मधे वन-वे व्हॉल्व्ह ठेवा. सवयीने मॅनिफोल्डला पाइप जोडला तर पहिल्याच ब्रेकला पेडल दगडासारखं लागेल.

टर्बो आणि त्याच्या खालचा पाइप लाल होईपर्यंत तापू शकतो, आणि फायबरमधलं पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं, कधी आधीच. पाइपला गुंडाळी, त्यावर पत्र्याची ढाल, आणि ढाल व फायबर यांच्यात 25 मिलिमीटर मोकळी हवा. रेडिएटर स्विफ्टचा पूर्ण आकाराचा घ्या. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 42-43 असतं, स्टॉर्मचा छोटा रेडिएटर चालणार नाही. कूलंटची बाटली इंजिनापेक्षा उंच राहिली पाहिजे, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते आणि तुम्ही पुन्हा गॅस्केटवर येता. एअर फिल्टरचा डबा स्विफ्टचाच अखंड वापरा. काळ्या मातीची धूळ एका सैल क्लिपमधून आत गेली तरी टर्बोचं पातं खाते. गिअरच्या केबल, सायलेन्सर हे सोपं काम आहे, होऊन जाईल.

पहिल्यांदा सुरू करताना डिझेल लाइनमध्ये एक पारदर्शक नळी तात्पुरती लावा. बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत फिल्टरवरून प्राइमिंग करा, म्हणजे लाइनमधली हवा काढा. इंजेक्टरच्या पाइपांवर गळती शोधायला हात फिरवू नका, तिथे दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि बारीक फवारा कातडीतून आत जातो. गळती पुठ्ठ्याने शोधा. सेल्फ मारण्याआधी एका माणसाच्या हातात इनटेकचं तोंड झाकेल अशी जाड फळी द्या आणि त्याला तिथेच उभं ठेवा. टर्बोतून ऑइल आत गळत असेल तर डिझेल इंजिन किल्ली काढली तरी स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं, आणि ते फक्त हवा तोडूनच थांबतं. हाताने झाकायचा प्रयत्न कोणी करू नये. सुरू झालं की दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा, फॅन स्वतःहून लागतो का पाहा, बंद करा, थंड झाल्यावर कूलंट पुन्हा भरा. माउंटिंग, हब नट आणि शाफ्टचे क्लिप 50 किलोमीटरनंतर एकदा आणि 500 नंतर पुन्हा तपासा.

हेडची फीलर गेजने मोजणी झाली की आकडे कळवा, सातही ठिकाणचे: हेडची लांबी, दोन रुंद्या, दोन तिरक्या रेषा, आणि ब्लॉकच्या दोन तिरक्या. त्यावरून डी7एफ वाचतं की नाही ते पुढच्या अंकात सांगता येईल. तोवर स्विफ्टचं इंजिन उतरवू नका.